नुसत्या डिफेन्सवर चषक येतो का?

प्रश्न सोलापुरातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या १७ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल संघाचा डिफेन्स चांगला आहे, हे समोरचे संघही मान्य करतात. गोल आम्ही जवळजवळ खातच नाही. पण पुढे गोल मारणारा कुणी नाही. बरेच सामने ०-० राहतात, नाहीतर कसेबसे १-० ने निघतात. पालक म्हणतात, स्ट्रायकर शोधा. मला वाटतं, आहे तो डिफेन्सच आणखी पक्का करावा. नुसत्या डिफेन्सवर स्पर्धा मारता येते का?"

सर, बाद पद्धतीच्या स्पर्धेत येते. साखळीत फार क्वचित. आणि दोन्हीकडे गोल करायचा निदान एक पक्का रस्ता हाताशी लागतोच. तुमचे पालक तो रस्ता नव्या स्ट्रायकरमध्ये शोधतायत. मी म्हणेन, तो तुमच्या बॅकमध्ये आणि स्टॉपरमध्ये, म्हणजे बचावाच्या मधल्या जोडीत, शोधा. डिफेन्सच्या जोरावर जिंकलेले मोठे संघ नीट बघितले तर मोक्याचे गोल त्यांच्या बचावफळीनेच मारलेले दिसतात.

डिफेन्सवाल्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे २००४ च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतला ग्रीस. जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागल, संघात जगभर गाजलेलं एकही नाव नाही, आणि बाद फेरीत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि यजमान पोर्तुगाल या तिघांना ओळीने १-० ने हरवून विजेतेपद. बाद फेरीत एकही गोल खाल्ला नाही. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. ते तीन गोल कसे झाले ते कुणी सांगत नाही. तिन्ही हेडर. फ्रान्सविरुद्ध कर्णधार झागोराकिसने उजवीकडून क्रॉस टाकला आणि खारिस्तेआसने डोकं लावलं. चेकविरुद्ध जादा वेळेचा पूर्वार्ध संपता संपता कॉर्नर मिळाला, गोल मारला डेलासने, आणि तो होता स्टॉपर. अंतिम सामन्यात ५७ व्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, पुन्हा खारिस्तेआस. म्हणजे दिवसभर भिंत उभी करायची आणि नशिबावर भरवसा ठेवायचा, असा तो प्रकार नव्हता. त्यांच्याकडे गोलची एकच युक्ती होती. ती ते बिनचूक करत, आणि ती जमेपर्यंत सामना जिवंत ठेवण्याचं काम डिफेन्स करत होता.

गटातली हकिगत तर त्याहून मजेशीर आहे. ग्रीसने पोर्तुगालला २-१ ने हरवलं, स्पेनशी १-१ बरोबरी केली आणि रशियाकडून १-२ ने मार खाल्ला. ग्रीस आणि स्पेन दोघांचे ४ गुण. आपसातला सामना बरोबरीत. गोलफरक दोघांचाही शून्य. मग बघितलं गेलं, गोल जास्त कुणी केले. ग्रीसचे ४, स्पेनचे २. डिफेन्सचा हा जगातला सर्वांत प्रसिद्ध विजेता गटातून वर आला तो गोल जास्त मारल्यामुळे. स्पेनने त्या गटात ग्रीसपेक्षा निम्मेच गोल खाल्ले होते आणि तरी तो घरी गेला.

आता उलट बाजू. २००६ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंड चार सामने खेळलं आणि एकही गोल खाल्ला नाही. फ्रान्सशी ०-०, टोगो आणि दक्षिण कोरियाला प्रत्येकी २-०, आणि पुढच्या फेरीत युक्रेनशी १२० मिनिटं ०-०. मग टायब्रेकर. तिथे त्यांनी मारलेल्या तिन्ही पेनल्टी वाया गेल्या आणि ते बाहेर. अख्ख्या स्पर्धेत चालू खेळात कुणाला त्यांच्यावर गोल करता आला नाही, तरी शेवटच्या आठांत नाव नाही. तुमच्या ०-० वाल्या सामन्यांबद्दल वाचलं तेव्हा मला आधी हाच संघ आठवला.

इटलीचंही बघा. बचावाची पंढरीच म्हणा ती. १९९० च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर त्यांचा गोलकीपर झेंगा ५१७ मिनिटं अभेद्य राहिला. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाच्या कानिजियाने ती मालिका तोडली, सामना १-१ राहिला आणि इटली टायब्रेकरवर हरली. १९९४ ला अंतिम सामन्यात ब्राझीलकडून टायब्रेकरवर. १९९८ ला फ्रान्सकडून, पुन्हा टायब्रेकरवर. लागोपाठ तीन विश्वचषक असे गेले. डिफेन्सवर जगणारा संघ टायब्रेकरला वारंवार पोचणार, हे उघड आहे. तिथे तो सरावाशिवाय पोचला तर मागची सगळी मेहनत पाच जणांच्या पायावर टांगते. २००६ च्या अंतिम सामन्यात इटलीने पाचच्या पाच पेनल्टी घातल्या, फ्रान्सच्या त्रेझेगेचा फटका क्रॉसबारला लागला आणि चषक आला.

त्या २००६ च्या इटलीवर थोडं थांबायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे. सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले. एक झाकार्दोचा स्वयंगोल, दुसरा झिदानची पेनल्टी. म्हणजे चालू खेळात विरोधी खेळाडूने मारलेला गोल एकही नाही. गोलकीपर बुफोन, स्टॉपर कान्नावारो ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला कोंडी फोडली ती डावा बॅक ग्रोस्सोने. अंतिम सामन्यात मागे पडल्यावर पिर्लोच्या कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली ती स्टॉपर मातेराझ्झीने. आणि जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्यात प्रशिक्षक लिप्पी टायब्रेकरची वाट बघत बसले नाहीत, त्यांनी जादा वेळेत एकामागून एक आघाडीचे खेळाडू आत सोडले. तीन टायब्रेकर हरलेल्या देशाचा माणूस होता तो, त्याला ठाऊक होतं.

१९९८ चा फ्रान्सही तसाच. सात सामन्यांत दोन गोल खाल्ले. पॅराग्वेची भिंत जादा वेळेत फोडली स्टॉपर ब्लांने. उपांत्य सामन्यात क्रोएशियाविरुद्ध मागे पडल्यावर दोन गोल मारले उजवा बॅक त्युरामने. त्याच्या अख्ख्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतले तेवढेच दोन! २०१० चा स्पेन: पुन्हा सात सामन्यांत दोनच गोल खाल्ले, बाद फेरीचे चारही सामने १-० ने जिंकले, आणि उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध झावीने मारलेल्या कॉर्नरवर डोकं कुणाचं? स्टॉपर पुयोलचं. २०१८ च्या फ्रान्सने उरुग्वेविरुद्ध वारानच्या आणि बेल्जियमविरुद्ध उमटिटीच्या हेडरने वाट काढली. दोघेही स्टॉपर, दोन्ही वेळा बॉल ग्रीझमनने टाकलेला, एकदा फ्री किक आणि एकदा कॉर्नर. एवढे सगळे योगायोग नसतात. दोन्ही संघ एकमेकांना जागा देत नाहीत तेव्हा चालू खेळात गोल होणं अवघड होतं. बॉल थांबलेला असतो तेव्हाच उंच, दणकट बॅक पुढे जाऊ शकतात, आणि मागे राहिलेल्या साथीदारांवर भरवसा असेल तरच ते मोकळ्या मनाने जातात. भरवशाचा डिफेन्स असलेल्या संघाला कॉर्नरवर दोन माणसं जास्त पाठवता येतात. तुमच्याकडे ही श्रीमंती आहे, ती वापरा.

साखळीबद्दल लवकर आटपतो, कारण तुमची शालेय स्पर्धा बाद पद्धतीची, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पण क्लबचा संघ साखळीत उतरवणार असाल तर हिशेब करून बघा. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. दहा सामने न हरता बरोबरीत सोडवणाऱ्याचे १० गुण. चार जिंकून सहा हरणाऱ्याचे १२. इंग्लंडमध्ये १९८१ पासून हा नियम आहे, विश्वचषकात १९९४ पासून. त्याआधी विजयाला २ गुण होते तेव्हा बरोबरी इतकी महाग पडत नव्हती. १९९३-९४ मध्ये इटलीत एसी मिलानने ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल मारून साखळी जिंकली, खाल्ले फक्त १५. तेव्हा तिथे विजयाला दोनच गुण होते. तीन गुणांच्या जमान्यात दोन उदाहरणं माझ्या मुलांना मी नेहमी देतो. १९९८-९९ मध्ये इंग्लंडमध्ये आर्सेनलने ३८ सामन्यांत फक्त १७ गोल खाल्ले, मँचेस्टर युनायटेडने ३७. विजेता युनायटेड, एका गुणाने. युनायटेडने ८० गोल मारले होते, आर्सेनलने ५९. दुसरं, स्पेनमधला २०१५-१६ चा अॅटलेटिको माद्रिद. प्रशिक्षक सिमेओनेच्या त्या संघाने ३८ सामन्यांत १८ गोल खाल्ले आणि तो तिसरा आला. वरचे दोघे, बार्सिलोना आणि रिअल माद्रिद, यांनी शंभराच्या वर गोल मारले होते.

याच्या उलट दाखला म्हणून कुणी इंग्लंडमधली २००४-०५ ची चेल्सी पुढे करेल. ३८ सामन्यांत १५ गोल खाल्ले, ९५ गुण, विजेते. बरोबर आहे. पण त्यांनी ७२ गोलही मारले होते. पुढे रॉबेन आणि डफ वाऱ्यासारखे पळायचे, आणि मागे माकेलेले बॉल काढून घ्यायचा तो त्यांना पळायला लावण्यासाठी. आपल्या देशातलंच हवं तर २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमधली मोहन बागान घ्या. २४ सामन्यांत १६ गोल खाल्ले, ५६ गुण. त्यांचा तेव्हाचा कर्णधार शुभाशिष बोस बॅक, आणि त्या मोसमात त्याने स्वतः अनेक गोल मारले. पुन्हा तीच कथा.

आता तुमच्या संघाकडे येऊ. पहिला प्रश्न जरा टोचेल. तुमचा डिफेन्स खरंच चांगला आहे, की गोल कमी झालेत एवढंच? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर समोरचे संघ लांबून कसेही फटके मारतात आणि गोल आपोआप वाचतात. किंवा तुमचा गोलकीपर फार चांगला असतो आणि त्याच्या पुढच्या चौघांचं पाप तो झाकतो. पुण्या-कोल्हापूरकडचा संघ समोर आला की झाकलेलं उघडं पडतं. कोल्हापुरातली पोरं शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेली असतात, त्यांना पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात, दोन फूट जागा दिली तर ती आभार मानत बसत नाहीत.

म्हणून राखीव मुलांपैकी एकाच्या हातात वही द्या. तीन रकाने. एक, आपल्या गोलकीपरला किती वेळा खरंच बॉल अडवावा लागला. दोन, समोरच्यांचे फटके पेटीच्या आतून किती आणि बाहेरून किती. तीन, आपण मागून उडवलेला बॉल किती वेळा आपल्याच माणसाला मिळाला. हा तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्याकडे मैदानाबाहेरून एकच आरडाओरडा चालतो, "उडव! उडव!" स्टॉपर सणसणीत हाणतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि पाच सेकंदांत बॉल परत त्याच्याच डोक्यावर. असं वीस वेळा झालं की एकविसाव्या वेळी चूक होते, त्यातही सोलापूरच्या उन्हात लवकर होते. मुलं दमतात ती बॉल घेऊन पळून कमी आणि बॉलशिवाय पळून जास्त.

तेव्हा बॉल काढून घेतल्यावरची पहिली पाच-सहा सेकंदं शिकवा. सराव साधा आहे. अर्ध्या मैदानात सहा विरुद्ध सहा. बचाव करणाऱ्या बाजूने बॉल जिंकला की सहा सेकंदांत तो मधल्या रेषेपलीकडे स्वतःच्या माणसाकडे पोचला पाहिजे. नाही पोचला तर बॉल पुन्हा समोरच्यांचा. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, होऊ द्या. हळूहळू मुलांच्या लक्षात येतं की बॉल काढून घेण्याआधीच मान वर करून बघायचं असतं. पुढे एकच मुलगा ठेवा, जो पळतो. फार चांगला खेळणारा नसला तरी चालेल. त्याचं काम एवढंच, समोरच्या दोन स्टॉपरना पुढे सरकू न देणं. तो पुढे राहिला म्हणजे त्यांचे दोघे मागे अडकले. तुमच्या पेटीत येणारी दोन माणसं कमी झाली. पालकांना हवा तो स्ट्रायकर असा मिळतो. शंभर मीटरच्या शर्यतीतून पकडून आणा हवं तर.

लाईन, म्हणजे बचावफळीची रांग, कुठे ठेवायची हा वादाचा विषय आहे. यूट्यूबवर बघून हल्ली शाळेच्या पोरांनाही बचावफळी मधल्या रेषेपर्यंत वर न्यायची असते. माझा याला विरोध आहे, निदान आपल्या मैदानांवर. उंच लाईनचा अर्धा भार ऑफसाइडच्या झेंड्यावर (समोरचा आपल्या बचावफळीमागे आधीच उभा राहून पास घेत असेल तर पंच उचलतो तो) असतो, आणि शालेय सामन्यात रेषेवर कोण उभं असेल, किती लक्ष देऊन उभं असेल, हे आपल्या हातात नसतं. दुसरं म्हणजे मैदान. पावसात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, मागे वळून पळणारा बॅक तिथल्या तिथे रुततो. उघडीप पडली की तेच मैदान फरशीसारखं टणक, टप्पा पडला की बॉल डोक्यावरून जातो. दोन्ही वेळा पाठीमागे मोकळी जागा सोडणं महागात पडतं. पेटीच्या वर आठ-दहा मीटरवर लाईन ठेवा आणि सगळ्यांत पुढच्या मुलापासून सगळ्यांत मागच्यापर्यंतचं अंतर तीसेक मीटरच्या आत राहील एवढंच बघा. लाईन वर-खाली करण्याच्या दोन खुणा पुरेत. समोरचा आपल्या गोलकडे पाठ करून बॉल घेत असेल किंवा मागे पास देत असेल, तर सगळे चार पावलं वर. समोरचा तोंड करून, डोकं वर काढून, मोकळा उभा असेल, तर सगळे खाली. एकट्याने कुणी ठरवायचं नाही. हाक एकाचीच, आणि ती स्टॉपरची.

गोलकीपरबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या टणक मैदानांवर मुलं झेप घ्यायला घाबरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही; कोपरं सोलवटून निघतात. मग ती रेषेला चिकटून राहतात आणि कॉर्नरला बाहेर येतच नाहीत. त्याला शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यात सराव द्या. वाळू उकरून घ्या, दोन खांब रोवा आणि आठवड्यातून दोनदा तिथेच झेपा घेऊ द्या. पडायची भीती गेली की तो बाहेर यायला लागतो. "माझा!" ही हाक त्याने एवढ्या मोठ्याने मारली पाहिजे की समोरचाही दचकला पाहिजे.

आणि कॉर्नर. इथे तुमचा चषक आहे असं मी मानतो. दोनच रचना बसवा, पाच नको. पहिली: एक मुलगा जवळच्या खांबाकडे धावत येतो आणि बॉलला नुसतं डोकं लावून मागे वळवतो, दोन्ही स्टॉपर दूरच्या खांबाकडे घुसतात. दुसरी: सगळे दूरच्या खांबापाशी गर्दी करतात आणि बॉल पेनल्टीच्या ठिपक्यापाशी मागे ओढून दिला जातो, तिथे तुमचा सगळ्यांत चांगला फटका असलेला मुलगा. कुठली रचना, हे कॉर्नर मारणाऱ्याने हात वर करून सांगायचं. पेटीच्या टोकाला एक जण दुसऱ्या बॉलसाठी हवाच, कारण पहिला हेडर बहुतेक वेळा अर्धवट लागतो आणि बॉल तिथेच येऊन पडतो. मागे दोघं आणि गोलकीपर. समोरच्यांनी पुढे एक ठेवला तर आपले दोन, दोन ठेवले तर आपले तीन. लांब थ्रो-इन टाकणारा एखादा मुलगा असेल तर तोही कॉर्नरच समजा. सोलापुरात हँडबॉल किंवा भालाफेक करणारं पोरगं शाळेत शोधलं तर मिळतं. रोज सरावाच्या शेवटी वीस मिनिटं याला द्या. कंटाळवाणं आहे, मुलं कुरकुरतील, त्यांना आपापसात सामना खेळायचा असतो. तरी द्या.

सर्वांत कमी सराव होतो तो पिछाडीवर पडल्यावर खेळायचा. डिफेन्सवर उभ्या संघाची खरी परीक्षा तिथे. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत फक्त एक गोल खाल्ला होता, तोही स्वयंगोल. स्पेन आणि पोर्तुगाल त्यांच्यापुढे थिजले. फ्रान्सविरुद्ध पाचव्याच मिनिटाला गोल बसला आणि सगळं गणित उलटं झालं. आता पुढे येणं त्यांना भाग होतं. ते बरे खेळले, पण हरले ०-२. त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाने एकूण आठ गोल खाल्ले, पहिला सामना सौदी अरेबियाकडून हरला, आणि चषक नेला. पिछाडीवरून आणि धक्क्यातून सावरायची त्यांना सवय झाली होती. तुमच्या मुलांना एरवी गोल पडतच नाही, त्यामुळे तो पडला की त्यांचे चेहरे बघा. काहींना वाटतं सामना संपला. म्हणून आपापसातल्या सामन्यात मुद्दाम मुख्य संघाला ०-१ वर सुरू करायला लावा, पंधरा मिनिटं, आणि कोण पुढे जाणार, कोण मागे थांबणार हे आधीच ठरवून द्या. दोन्ही बॅक एकदम पुढे पळाले की ०-२ ठरलेलं.

टायब्रेकरचा सराव दमलेल्या पायांनी करा, ताज्या नव्हे. क्रम आधी ठरवा. पहिला आणि चौथा फटका तुमच्या सगळ्यांत शांत डोक्याच्या मुलांचा. ज्याने कोपरा ठरवला, त्याने धावता धावता बदलायचा नाही.

पालकांचं काय करायचं हे तुमच्यावर. पण त्यांना एक सांगता येईल. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी इंग्लंडमध्ये विजेता झाला तेव्हा त्यांच्यापेक्षा कमी गोल खाल्लेले दोन संघ त्यांच्या मागे राहिले. मोसमाच्या पहिल्या नऊ सामन्यांत तर त्यांनी प्रत्येक वेळी गोल खाल्ला होता. प्रशिक्षक रानिएरींनी मुलांना आमिष दाखवलं, एकही गोल न खाता सामना जिंका, मी पिझ्झा देतो. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० झालं आणि पिझ्झा मिळाला. पुढे मार्च-एप्रिलमध्ये ओळीने चार सामने त्यांनी १-० ने काढले. म्हणजे गोल मारणारा संघ मोसमाच्या मध्यावर बचाव शिकला. तुमची मुलं उलट्या टोकाला आहेत, त्यांना मारायला शिकवायचं आहे, आणि माझ्या अनुभवात ते जरा सोपं असतं. बचावाला लागते ती शिस्त त्यांच्याकडे आधीच आहे. आमिषाला पिझ्झाच हवा असं नाही, आपल्याकडे शेंगाच्या पोळीवरही पोरं पळतात. फक्त बक्षीस गोल न खाल्ल्याबद्दल ठेवू नका, ते तर ती करतायतच. स्टॉपरने कॉर्नरवर गोल मारला तर ठेवा.

वहीतले तीन सामन्यांचे आकडे झाले की मला कळवा. पेटीच्या आतले फटके बाहेरच्यांपेक्षा जास्त निघाले तर आधी लाईनचं बघू, कॉर्नर दोन आठवडे थांबतील.